आधी शेजारणीला पाणी

फिलू, तुमच्या कॉन्व्हेंटच्या मदरनी माझ्याकडे एक पान मागितलंय. महिना झाल्यावरच्या मिस्सेच्या प्रार्थनेला वाटायला तुझ्या आठवणींची लहानशी पुस्तिका काढतायत, त्यात शाळेतल्या मैत्रिणीचं पान हवं. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "सुमनताई, एक गोष्ट जरूर लिहा. सिस्टर क्लारानी शेवटपर्यंत स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही."

तीन आठवडे झाले तुला जाऊन. रोज सकाळी मी कागद घेऊन बसते आणि हे वाक्य मला लिहिता येत नाही. ज्या गोष्टीने तू मेलीस ती तुझ्या कौतुकात कशी घालू?

दीड वर्ष तू छातीतली गाठ झग्याखाली घेऊन वावरलीस. पहाटेच्या प्रार्थनेला उभी राहिलीस, बागेला पाणी घातलंस, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझ्यासमोर बसून हसलीस. चॅपेलमध्ये चक्कर येऊन पडलीस तेव्हा ती बाकीच्यांना कळली. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या दोन शब्दांवर सगळं कॉन्व्हेंट शांत झालं, जणू उशीर आपोआप होतो. मी शांत झालेले नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आणि तू नेहमीसारखी, घंटा झाली म्हणून, भांडण अर्ध्यावर टाकून उठून गेलीस.

मागितलं नाही म्हणे. हे ऐकून आपली अख्खी सातवी हसली असती. मी चकाल्याच्या चाळीतून यायचे, तू मरोळच्या गावठाणातून, आणि माझा डबा उघडायच्या आधी तुझा हात पुढे. "सुमे, काय आहे? घावणे? दोन दे. दोन म्हणजे दोन, तुकडा मोडून देऊ नको." कुणी नवी छत्री आणली की तुला ती एकदा उघडून बघायची असायची. गणिताच्या बाईंकडे पाच मार्क मागायला तू थेट स्टाफरूममध्ये गेलीस आणि तीन घेऊन आलीस. नाताळात घरच्या तळलेल्या फुग्या आणून वाटायचीस, पण ती दानशूरगिरी नव्हती, वाटताना प्रत्येकीकडून काही ना काही कबूल करून घ्यायचीस.

आणि मी अशी मुलगी की घसा कोरडा पडला तरी वर्गात हात वर करायची नाही. तूच उभी राहायचीस. "बाई, सुमनला पाणी प्यायचंय." निम्मी शाळा मी तुझ्या तोंडाने मागून काढली. पुढे ग्रंथालयात नोकरी धरली तीही त्याच स्वभावाने. लोक येतात, मागतात, आपण काढून द्यायचं. आपल्याला कुणाकडे जावं लागत नाही.

बी.ए.चा निकाल लागला आणि तू म्हणालीस, मी आत जाते. आत म्हणजे आपल्या शाळेमागची ती काळ्या दगडाची इमारत, जिच्या कुंपणावरून आपण चिंचा पाडायचो.

"कुणापासून पळतेयस?" मी विचारलं.

"पळत नाहीये. हाक आलीय."

"मला नाही आली ती ऐकू."

"तुला वर्गात हजेरी पण ऐकू यायची नाही. पुस्तकात तोंड."

मी हसले नाही. तेव्हापासून तुला सिस्टर क्लारा म्हणायचंही मी नाकारलं. भेटायला फक्त नातेवाइकांना परवानगी, म्हणून फाटकावरच्या वहीत मी 'नातं' या रकान्यात 'बहीण' लिहायला लागले. वॉचमन दोनदा बदलले, कुणी विचारलं नाही की बहिणीच्या गळ्यात मंगळसूत्र कसं.

आतलं जग मी एकदाच पाहिलं. इमारतीला शंभर वर्षं झाली म्हणून एक दिवस ती सगळ्यांसाठी उघडली होती. तुला आत जाऊन पाचेक वर्षं झाली असतील. माझ्यासारखीच पन्नास-साठ माणसं आली होती. लाकडी जिना बघत होती, कौलांकडे माना वर करून उभी होती, फोटो काढत होती. तू मला त्या घोळक्यातून बाजूला काढलंस आणि म्हणालीस, "चल, ते दगड बघतायत, तुला घर दाखवते."

तुझी खोली मी बघितली. खाट, खुर्ची, खिडकी, भिंतीवर क्रूस, आणि खुंटीला दुसरा झगा. माझं पुस्तकांचं कपाटसुद्धा त्याहून मोठं होतं. मग तळमजल्यावर नेलंस, जिथे मिस्सेत वाटायच्या पातळ पांढऱ्या चकत्या तुम्ही भाजायचात. पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. लोखंडी साच्यात दाबून भाजलेली पापडासारखी पोळी, त्यातून गोल चकत्या कापायच्या, उरलेल्या कडा डब्यात. तू मूठभर कडा माझ्या हातावर ठेवल्यास. चव नव्हती. "चव नसतेच," तू म्हणालीस, अभिमानाने.

दुपारच्या प्रार्थनेला मी चॅपेलच्या मागच्या बाकावर बसले. त्या दिवसांतही विमानं तुमच्या छपरावरूनच उतरायची. आवाज आला की बत्तीस बायका एका शब्दावर थांबायच्या आणि विमान गेलं की त्याच शब्दाच्या पुढून सुरू करायच्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला ते इतकं सुंदर वाटलं की राग आला. ही सगळी सवय तुला माझ्याशिवाय लागली होती.

शेवटी जेवणघर. लांब टेबलं, भिंतीकडे पाठ करून बसायचे बाक, आणि कोपऱ्यात उंच घडवंचीवर पुस्तक. जेवताना एकीने उभं राहून वाचायचं, बाकीच्यांनी मुकाट जेवायचं. मी म्हटलं, हे मला आवडलं, इथे मी पण राहिले असते. तू म्हणालीस, "थांब, दुसरा नियम ऐक." आणि सांगितलंस की जेवताना स्वतःसाठी काही मागायचं नाही. मीठ नाही, पाणी नाही. शेजारणीने ओळखायचं आणि पुढे करायचं.

"आणि तिने नाहीच ओळखलं तर?"

"तर आधी तिला पाणी ओतायचं. तिला आठवतं, मग ती आपल्या पेल्याकडे बघते."

"आणि तरी नाही बघितलं?"

"मग तहान लागते. त्यात काय एवढं?"

मला आठवतं, मी तिथेच, त्या रिकाम्या जेवणघरात, आवाज चढवला. हे प्रेम आहे की कोडी घालायचा खेळ, असं काहीतरी म्हटलं. मागायला तोंड दिलंय देवाने, म्हटलं. तू शांतपणे बाकावरची धूळ पुसलीस.

"तुझी आई कधी म्हणालीय, मला वाढा म्हणून?"

 आई सगळ्यांचं झाल्यावर टोपाच्या तळाशी राहिलेलं जेवायची. तिच्या ताटात काय आहे ते आम्ही तिघा भावंडांनी कधी बघितलं नाही. तिच्या अंगात रक्त उरलं नाही तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्हाला आश्चर्य वाटलं.

"म्हणूनच सांगतेय," मी जिन्यावर म्हटलं. "आमच्याकडे ते चुकून होतं. तुम्ही त्याचा नियम केलाय."

"आमच्याकडे निदान समोरच्या बाईवर ओळखायची सक्ती आहे," तू म्हणालीस. "तुझ्या बाबांवर होती?"

तेवढ्यात घंटा झाली.

हे भांडण आपण पस्तीस वर्षं चालवलं. मी तुला पुस्तकं आणून द्यायचे आणि तू कधी 'अमुक आण' म्हणाली नाहीस. "आमच्या नव्या मुलींना कथा आवडतात," म्हणायचीस, आणि पुढच्या महिन्यात त्या कथा तू वाचलेल्या असायच्या. थंडीत म्हणायचीस, "तू शाल नाही घेतलीस?" मी पुढच्या वेळी तुझ्यासाठी शाल आणायचे. आपल्यात तो विनोद झाला होता. "फिलू, सरळ माग ना गं, जीभ झडते का?" आणि तू म्हणायचीस, "कळलं ना तुला? मग झालं तर." मला कळायचं, याचा मला गर्व होता. तुझ्या टेबलावरची खरी शेजारीण मीच, असं मी समजत होते. ते आता लिहिताना हात थांबतो.

मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावरच्या रविवारी तू विचारलंस, "सुमे, तू कधी छाती तपासून घेतलीस?"

"आता म्हातारपणी माझ्या छातीवर कशाला नजर?"

"हसू नको. आपल्या वयाच्या बायकांनी दाखवून यावं."

पुढच्या महिन्यात, मी खुर्चीत टेकायच्या आधी, "गेलीस?" मी नाही म्हटलं. मग तू एकेक विचारत बसलीस. तपासायला बाई असते की पुरुष. कपडे सगळे काढावे लागतात का. यंत्रात दुखतं का. सोबत कुणाला आत येऊ देतात का. मी म्हटलं, मला काय माहीत, मी गेले तर सांगीन. "मग जा," तू म्हणालीस. "जाऊन ये आणि मला सांग."

मी गेले, तुझ्या हट्टापायी. कुर्ल्याच्या बाजूला एक बाई डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे. आणि तिसऱ्या भेटीत तुला सगळं नीट सांगितलं: बाई असते, फक्त वरचे कपडे, यंत्राने जरा दाबल्यासारखं होतं, सोबतीला बाहेर बसवतात. तू परीक्षेला बसायचंय अशा मुलीसारखं ऐकत होतीस. "आणि रिपोर्ट?" "अगदी स्वच्छ." "सुटलीस," तू म्हणालीस.  भेटीच्या खोलीतला पंखा मोठा आवाज करतो, तो आपण दोघी थोडा वेळ ऐकला. आणि मी आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची गोष्ट काढली. बिल्डर किती चौरस फूट देतोय, कोण सही करत नाही, पाच वाजेपर्यंत मी तेच बोलत होते.

तू माझ्या पेल्यात पाणी ओतलंस, फिलू. काठोकाठ. मी ते प्यायले आणि तोंड पुसलं.

मी हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आजारपणाच्या चार महिन्यांत मी रोज आले, तेव्हा एकदा धीर करून विचारलं होतं, "का नाही बोललीस?" तू वरच्या दुखणाइतांच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून पडली होतीस. म्हणालीस, "बोलले की गं." मला वाटलं औषधांची गुंगी आहे. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

तुला मागच्या अंगणात, सारख्या मापाच्या क्रुसांच्या ओळीत पुरलं. तुझा मरोळचा भाऊ सगळ्यांत पुढे उभा होता. दहा वर्षांत एकदा नाताळाला आला असेल तो. मी मागे, शाळेच्या शिक्षिकांमध्ये. तिथे नातं लिहायला वही नव्हती.

पुस्तिकेचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मदरकडे गेले. मनात ठरवून गेले होते. माझ्याकडून जे झालं ते झालं, पण ते शिकवलं कुणी, हे मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. मदर वसईकडच्या आहेत, वयाने आपल्याहून लहान. त्यांनी चहा मागवला. मी तो तसाच ठेवला आणि म्हटलं, "मदर, तुमच्या त्या जेवणघराच्या नियमाने तिचा जीव घेतला. मागायचं नाही, हे तुम्ही तिच्या हाडात घातलंत."

त्यांना आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तो नियम? तो बंद होऊन तीसेक वर्षं झाली असतील, ताई. मी इथे आले तेव्हाच नव्हता. आमच्याकडे आता जेवताना गप्पा होतात. मीठ तर ओरडून मागतात मुली."

मी म्हटलं, मग फिलू?

"त्या नाही मागायच्या. आम्ही कितीदा म्हटलं, सिस्टर, सांगत जा. त्या म्हणायच्या, मला तसंच आवडतं. आम्हाला वाटलं, त्यांची साधना आहे. त्यांना कशाला मोडायचं?"

तर असं आहे. तीस वर्षं तुला कुणी अडवलं नव्हतं. मोकळ्या दाराच्या खोलीत तू एकटी नियम पाळत बसलीस, आणि मला कधी सांगितलंही नाहीस की दार उघडंय. दर महिन्याला मी तुमच्या नियमावर तोंडसुख घेत होते आणि तू त्याची बाजू लढवत होतीस, आणि तो नियम तोवर फक्त तुझा एकटीचा होता. का गं? तीन मार्क मागून आणणारी मुलगी तू. कुणीतरी न सांगता ओळखावं, ही एवढी मोठी हाव तुला होती? घावण्यांपेक्षा मोठी? मला ती संतपणाची वाटत नाही. मला ती माझ्यावर लादलेली परीक्षा वाटते, आणि परीक्षा आहे हे न सांगता घेतलेली. असं लिहिते आणि मग आठवतं की तू मला तीन रविवार दिले होतेस.

मदरनी माझा हात धरला. म्हणाल्या, "वर सिस्टर आग्नेसना भेटून जा. जेवताना त्या दोघी नेहमी शेजारी असायच्या. तुमची आठवण काढतात."

सिस्टर आग्नेस आता नव्वदीच्या पुढे आहेत. तू गेल्यापासून खाटेवरच. तू शेवटी जिथे होतीस त्याच खोलीत, पलीकडच्या भिंतीला. मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"सुमन ना? क्लाराची पुस्तकवाली."

"हो, सिस्टर."

"तिच्यावर रागावू नको हं. सगळे म्हणतात, तिने कुणाला सांगितलं नाही. मी तेव्हा खाली जेवायला जायचे. तिचा डावा हात वर होईना, पाण्याचा जग उचलताना बघितलं मी. डोळे गेलेत, पण इतके नाही. मी विचारलं, काय होतंय गं? तर म्हणाली, इथे गाठ लागतेय."

मी खुर्ची आणखी जवळ घेतली.

"मी म्हटलं, मदरला सांगूया. तर म्हणाली, नको, सुमनला सांगितलंय. सुमन डॉक्टरकडे जाऊन पण आली. मग मी गप्प बसले. म्हटलं, शिकलेली मैत्रीण आहे, ती बघतेय, आपण म्हातारीने कशाला मध्ये पडायचं." त्यांनी चादरीवरून हात पुढे केला, मी तो घेतला. कागदासारखा होता. "सांगितलं होतं ना तिने तुला?"

खोलीत तुझी खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, तुला खोटं पाडण्याची ही एकच संधी आहे, आणि माझ्या बाजूने साक्ष द्यायला सगळं कॉन्व्हेंट आहे.

"हो, सिस्टर," मी म्हटलं. "सांगितलं होतं."

"मग डॉक्टर काय म्हणाला?"

"सगळं स्वच्छ आहे म्हणाल्या."

त्यांनी माझा हात थोपटला. मग मान हलवली. "मग तुझा काय दोष, पोरी," म्हणाल्या. "डॉक्टरच चुकला."